आई-बाबांची पहिली क्रूझ: विमान क्रूझ कंपनीकडून घ्यावं की आपलं आपण? आणि विमा कोणता?

ओंजळ (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, मदत हवी आहे. आई ७४, बाबा ७९. त्यांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून आम्ही तिघा भावंडांनी मिळून त्यांना भूमध्य समुद्रातली १२ रात्रींची क्रूझ द्यायची ठरवली. जहाज रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदरातून सुटतं, ग्रीस आणि तुर्कस्तान करून परत तिथेच येतं. केबिनची अनामत परवा भरली. विमान आणि विमा दोन्ही व्हायचं आहे. निघायला साडेतीन महिने आहेत.

क्रूझ कंपनी म्हणते विमानाची तिकिटं आमच्याकडूनच घ्या. ती महाग पडतात आणि कुठलं विमान मिळेल हे बरंच उशिरा कळतं. आपली आपण काढली तर स्वस्त आणि वेळाही मनासारख्या, पण उशीर झाला तर जहाज थोडंच थांबणार?

विम्याचं तर डोकंच चालत नाही. वयाचे रकाने ७० ला बदलतात, ७५ ला बदलतात, ८० ला पुन्हा बदलतात. बाबांना मधुमेह आणि बीपी, ८ वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. सगळं आटोक्यात आहे, मागच्या महिन्यात डॉक्टरांनी बीपीची एक गोळी बदलून दिली तेवढंच. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही.

दोघंच जाणार आहेत. आमच्यापैकी कुणी बरोबर नाही, म्हणून जीव जास्त टांगणीला लागलाय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

पायवाट (सोमवार, रात्री ९:५८)

वाचतोय. सासूबाईंसाठी पुढच्या वर्षी हेच करायचं आहे.

चक्रधर (सोमवार, रात्री १०:३५)

ओंजळताई, आधी आई-बाबांना मनापासून शुभेच्छा.

मी वीसेक वर्षं ज्येष्ठांचे गट घेऊन जातो. विमान कुणाकडून घ्यायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, बंदराच्या गावी कधी पोचायचं? जहाज सुटायच्या आदल्या दिवशी. प्रवास लांबचा असेल तर दोन दिवस आधी. यात तडजोड करू नका. पंच्याहत्तरीच्या माणसाला रात्रभराच्या विमानातून उतरवून तसंच जहाजाच्या रांगेत उभं करायचं, हे विमान वेळेवर आलं तरी चूकच. गोळ्यांच्या वेळा चुकलेल्या असतात, झोप नसते, पाय सुजलेले असतात.

दुसरं, बंदराचं नाव नीट वाचा. जाहिरातीत ‘रोम’ असतं, पण चिविताव्हेक्किया रोम शहरापासून साधारण ७० किलोमीटरवर आहे. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, ‘लंडन’ म्हणजे बहुतेकदा साउथहॅम्प्टन. व्हेनिसमध्ये तर १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना जुन्या शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेली कित्येक जहाजं त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहून सुटतात. विमानतळ ते बंदर हा तुकडा सगळे विसरतात. आणि चेक-इन जहाज सुटायच्या वेळेला नाही, त्याच्या तास-दीड तास आधी बंद होतं.

कंपनीकडून तिकीट घेण्याचा खरा फायदा एकच: विमानाला उशीर झाला तर तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची खटपट ते करतात. जहाज अशा प्रवाशांसाठीही सहसा थांबत नाही. ही खटपट कोणाच्या खर्चाने, हे मात्र लेखी विचारून घ्या. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो.

गलबत (सोमवार, रात्री ११:०५)

चक्रधर, पोचायच्या दिवसाबद्दल पूर्ण सहमत. कंपनीच्या तिकिटाबद्दल नाही.

आमच्या आई-अप्पांना कंपनीने दोन ठिकाणी विमान बदलायला लावलं, त्यातलं एक ७० मिनिटांत. अप्पा ८१ चे. एवढ्या वेळात सुरक्षा तपासणी, बस आणि दुसरं टर्मिनल. व्हीलचेअरची नोंद विमान कंपनीपर्यंत पोचलेलीच नव्हती. आई सांगते, अप्पांचा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होते. विमान मिळालं, पण ती धावपळ त्या वयात कुणावरही येऊ नये.

दोन दिवस आधी पोचणार असाल तर कंपनीच्या हमीची गरज उरतेच किती? आपण काढा. शक्यतो थेट विमान, नाहीतर एकच बदल आणि मध्ये किमान तीन तास. सीट आधी निवडा, स्वच्छतागृहाजवळची, कडेची.

तिसरीघंटा (मंगळवार, सकाळी ७:२०)

गलबत यांचं पटतं, पण एक अट घालून. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवीत.

माझ्या मामा-मामींनी स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान सव्वातीन तास उशिरा आलं. दुसऱ्या विमान कंपनीच्या लेखी ते दोघं आलेच नाहीत, तिकीट बुडालं. एका पीएनआरवर असते तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी विमान कंपनीची होती. ते त्याच दिवशी जहाज गाठणार होते. संध्याकाळी बंदरावर पोचले तेव्हा धक्का रिकामा होता. मामांच्या बॅगेला केबिन नंबरचा कागदी टॅग घरूनच स्टेपल करून नेला होता. तो तसाच बॅगेवर लोंबत होता आणि मामी तो बोटाने सारखा करत बसल्या होत्या, असं मामांनी नंतर सांगितलं.

विमा होता. पण पॉलिसीत लिहिलेलं होतं की दोन विमानांच्या मध्ये विमानतळाने ठरवलेला किमान वेळ असायलाच हवा. त्यांच्याकडे त्याहून कमी होता. क्लेम नामंजूर. दोन दिवसांनी तिसऱ्या बंदरावर स्वतःच्या खर्चाने चढले.

चक्रधर (मंगळवार, सकाळी ८:०२)

तिसरीघंटा, वाचून वाईट वाटलं. मामा-मामींना निदान चढता तरी आलं, कारण पुढच्या बंदरावर चढणं दर वेळी शक्य नसतं. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने मधलं दूरचं परदेशी बंदर न करता प्रवाशाला अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेणं त्यात निषिद्ध आहे. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारं अलास्काचं जहाज चुकलं आणि तुम्ही अलास्कातल्या जुनोला चढायचं म्हणालात, तर तुमचा प्रवास ‘जुनो ते सिएटल’ होतो आणि तो चालत नाही. म्हणून अलास्काला जाणाऱ्यांना मी दोन दिवस आधीच नेतो.

गलबत, तुमच्या आई-अप्पांचं ऐकून माझंही मत थोडं बदललं. कंपनीचं तिकीट घ्यायचंच तर विमानांचे क्रमांक आणि मधला वेळ लेखी दाखवल्याशिवाय पैसे भरू नयेत.

परतीचंही लिहितो. जहाज सकाळी लागतं म्हणून सकाळी दहाचं विमान काढू नका. उतरायला पाळ्या असतात, सामान आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवावं लागतं आणि सकाळी शेडमध्ये शोधावं लागतं. चिविताव्हेक्कियाहून तर दुपारी दोननंतरचंच बघा.

कासवगती (मंगळवार, सकाळी ९:१५)

माझं मत वेगळं आहे. मी ७१, सौ. ६८. निवृत्तीनंतर ९ क्रूझ केल्या, विमा एकदाही लागला नाही. ज्येष्ठांचा प्रीमियम इतका असतो की तीन-चार वेळचा वाचवला तर एक सहल निघते. आम्ही तेवढी रक्कम बाजूला ठेवतो. तब्येत चांगली असेल आणि गाठीशी पैसे असतील तर विम्याची सक्ती कशाला?

निशिगंध (मंगळवार, सकाळी १०:४०)

कासवगती काका, तुमची तब्येत अशीच राहो. पण बाजूला ठेवलेली रक्कम कशाला पुरते हे आमच्या घरी घडलेलं सांगते.

सासूबाई ७६ च्या, ठणठणीत, रोज तासभर चालणाऱ्या. जहाजावर पाचव्या रात्री बाथरूमच्या उंबऱ्याला पाय अडकून पडल्या. क्रूझच्या केबिनमध्ये बाथरूमचा उंबरा बराच उंच असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. कंबरेजवळचं हाड मोडलं. जहाजावर एक्स-रे झाला, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि सकाळी एका छोट्या बंदरावर स्ट्रेचरवरून उतरवलं. तिथल्या दवाखान्यात ही शस्त्रक्रिया होत नव्हती. अँब्युलन्सने मोठ्या गावी. शस्त्रक्रिया, ११ दिवस दवाखाना, सासऱ्यांची हॉटेलात सोय, माझ्या यजमानांचं तातडीचं विमान, आणि परतीला त्यांना पाय सरळ ठेवता यावा म्हणून वरच्या वर्गातली सीट आणि बरोबर एक नर्स.

हे सगळं विमा कंपनीच्या मदत क्रमांकावरून झालं. पैशांपेक्षा मला जे आठवतं ते असं की रात्री तीन वाजता फोन केला तर पलीकडे जो माणूस होता त्याला माहीत होतं कोणत्या गावात हाडांचा सर्जन आहे. पैसे आपल्याकडेही असतात. ही माहिती आणि दवाखान्याला तिथल्या तिथे दिलेली हमी आपल्याकडे नसते.

कासवगती (मंगळवार, सकाळी ११:२०)

निशिगंध, हे खरंच मला ठाऊक नव्हतं. सौ.ने वाचलं आणि लगेच मुलाला फोन लावला. सासूबाई आता कशा आहेत?

निशिगंध (मंगळवार, सकाळी ११:३४)

काठी घेऊन चालतात. परत क्रूझला जायचं म्हणतात, उंबरा ओलांडायचा सराव सुरू आहे. :)

शुश्रूषा (मंगळवार, दुपारी २:१०)

मी ६ वर्षं क्रूझ जहाजांवर नर्स होते. निशिगंध यांनी लिहिलेला उंबरा आम्ही रोज बघायचो. ओंजळ, आई-बाबांना पहिल्या दिवशी दिवसाउजेडी त्या उंबऱ्यावरून चार वेळा ये-जा करायला सांगा आणि रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवायला सांगा.

जहाजाचा दवाखाना खालच्या मजल्यांवर असतो, कारण तिथे हेलकावे कमी बसतात. एक्स-रे, ईसीजी, काही रक्ततपासण्या, ऑक्सिजन, डिफिब्रिलेटर, हार्ट अटॅकला गुठळी विरघळवायचं औषध, इतकं साधारण असतं. सीटी स्कॅन नाही, शस्त्रक्रिया नाही, अँजिओप्लास्टी नाही. आमचं काम रुग्णाला जमिनीपर्यंत सांभाळून पोचवायचं.

बिल खासगी दवाखान्यासारखं लागतं आणि ते तुमच्या केबिनच्या खात्यात चढतं. घरच्या मेडिक्लेमची कॅशलेस सोय तिथे चालत नाही. आधी तुम्ही भरता, मग कागद जोडून विम्याकडून मागता. म्हणून क्रेडिट कार्डवर मर्यादा शिल्लक ठेवा आणि प्रत्येक पावती, तपासणीचा अहवाल, डॉक्टरांची सही असलेला कागद जहाज सोडण्यापूर्वीच घ्या. नंतर ईमेल करून मिळवायला महिने जातात.

हेलिकॉप्टरबद्दल लोकांच्या मनात चित्र असतं की बोलावलं की येतं. हेलिकॉप्टरला इंधनाची मर्यादा असते. वारा, रात्र, समुद्राची स्थिती, सगळं बघून कप्तान आणि किनाऱ्यावरचं बचाव केंद्र ठरवतात. बऱ्याच जहाजांवर ते उतरत नाही, वर घिरट्या घालत राहतं आणि रुग्णाला दोरावरून उचलतात. जोडीदाराला बहुतेकदा सोबत घेत नाहीत. मी एका आजोबांना वर जाताना पाहिलंय आणि त्यांच्या आजी डेकच्या दाराशी त्यांचा चष्मा हातात धरून उभ्या होत्या. चष्मा द्यायचा राहून गेला होता.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: एका छोट्या पाऊचमध्ये पासपोर्ट, विम्याचा कागद, औषधांची यादी, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कवळीची डबी आणि चार दिवसांच्या गोळ्या. दोघांचे पाऊच वेगळे. बाबांना एकट्याला उतरवलं तरी त्यांचं सगळं त्यांच्यासोबत जायला हवं.

विमा बघताना उपचारांची रक्कम आणि स्थलांतराची, म्हणजे रुग्णाला दुसरीकडे हलवण्याची, रक्कम वेगवेगळी बघा. वयाच्या पुढच्या रकान्यात गेल्यावर काही पॉलिसींत ही रक्कम गुपचूप निम्मी झालेली असते.

अबोली_मी (मंगळवार, दुपारी ३:३०)

चष्म्याचं वाचून डोळे भरून आले.

थोडं हलकं लिहिते. गलबत म्हणाले तसं व्हीलचेअर नक्की घ्या, ‘मला चालता येतं’ म्हणून आई नको म्हणेल तरी. आमच्या आत्याला व्हीलचेअरवरून नेणारा मुलगा इतका चपळ होता की आत्या गेटवर पोचून शेजारणीशी ओळख करून घेऊन तिच्या नातवंडांची नावंसुद्धा पाठ करून बसली होती, तेव्हा आम्ही तिघं धापा टाकत पोचलो. आता आत्या स्वतःच आधी विचारते, ‘माझं वाहन सांगितलंस ना?’

किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवायचं. आणि प्रकार नीट सांगायचा: जिना चढता येतो पण लांब चालवत नाही तो एक, जिनाही चढता येत नाही तो दुसरा, सीटपर्यंतही नेऊन बसवावं लागतं तो तिसरा. चुकीचा प्रकार नोंदला की विमानाच्या बाहेरच्या शिडीशी अडकायला होतं. जहाजासाठी वेगळं कळवावं लागतं, विमानाची नोंद जहाजाला जात नाही.

गलबत (मंगळवार, दुपारी ३:४८)

आत्याबाईंना नमस्कार सांगा!

रानजाई (मंगळवार, संध्याकाळी ६:०५)

माझे वडील रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणूनचं यंत्र) लावून झोपतात. कुणाला जहाजाचा अनुभव आहे का? विमानात कुठे ठेवायचं?

शुश्रूषा (मंगळवार, संध्याकाळी ६:५०)

रानजाई, सीपॅप हातातल्या सामानातच. वैद्यकीय उपकरण म्हणून बहुतेक विमान कंपन्या ते नेहमीच्या सामानात धरत नाहीत, पण आधी विचारून लेखी घ्या. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंतच्या हातात नेता येतात, १०० ते १६० पर्यंतच्यांना कंपनीची परवानगी लागते. जहाजाला कळवलं तर एक्स्टेंशनची वायर आणि डिस्टिल्ड वॉटर मिळू शकतं. स्वतःची सर्ज प्रोटेक्टरवाली पट्टी नेऊ नका. आगीच्या भीतीने त्या काढून घेतात.

विमानाच्या केबिनमधली हवा ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. फुप्फुसांचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना हे सांगूनच विचारावं, नुसतं ‘विमानाने जाऊ का’ असं नको. आणि चार तासांहून लांबचा प्रवास असेल तर पायांत गुठळी होण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात ती साधारण दुप्पट होते असं आलं होतं, मुळात मात्र सुमारे ६,००० त एक इतकीच. घाबरू नका, पण घोटे हलवत राहा, तासाभराने उठा. दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारून.

तिसरीघंटा (मंगळवार, रात्री ८:१५)

सामानाचंही सांगून ठेवतो. बॅग आली नाही तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतल्याशिवाय विमानतळ सोडायचा नाही. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार बॅग खराब झाली तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरता येतं. पण क्रूझच्या माणसाची गंमत वेगळी, पत्ता रोज बदलतो. जहाजाचं नाव, केबिन, आणि कुठल्या तारखेला कुठलं बंदर याचा छापील कागद त्या काउंटरवर द्या. म्हणूनही एक दिवस आधी पोचलेलं बरं, बॅग बहुतेकदा दुसऱ्या दिवशी येते.

चक्रधर (मंगळवार, रात्री ८:४०)

जहाज कुणासाठी थांबत नाही यावर आणखी एक. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर ८ प्रवासी खासगी सहलीहून उशिरा परतले आणि जहाज त्यांना न घेता गेलं. त्यांत ज्येष्ठ होते, एक गर्भवती होती. गांबियात गाठायला गेले तर जहाज तिथे लागूच शकलं नाही, शेवटी सेनेगलमध्ये चढले. बंदरावर उतरल्यावर घड्याळ जहाजाच्या वेळेला ठेवायचं. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, त्यावर विसंबू नये. आई-बाबा दोघंच आहेत, तर बाहेरच्या सहली जहाजाकडूनच घ्या असं मी म्हणेन. त्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय तेच करतात.

हिशेबवही (मंगळवार, रात्री १०:५५)

धागा आत्ता पाहिला. २२ वर्षं प्रवास विम्याच्या क्लेम विभागात काढली. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण ओंजळ यांच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून सुटलं. ‘मागच्या महिन्यात बीपीची एक गोळी बदलून दिली तेवढंच.’

ताई, विम्याच्या भाषेत हे ‘तेवढंच’ नाही.

जुन्या आजाराला संरक्षण देणाऱ्या बहुतेक पॉलिसी ‘आजार स्थिर असावा’ अशी अट घालतात. स्थिर म्हणजे ठरावीक दिवसांत नवं लक्षण नाही, दवाखान्यात भरती नाही, तपासणी राहिलेली नाही आणि औषधात किंवा मात्रेत बदल नाही. हा काळ पॉलिसीप्रमाणे ६० दिवस, ९० दिवस, १८० दिवस असा काहीही असतो, आणि तो विमा घेतल्याच्या तारखेपासून मागे मोजायचा की प्रवासाच्या तारखेपासून, हेही वेगळं. गोळी कमी केली तरी तो बदलच. डॉक्टरांच्या दृष्टीने चांगली बातमी, क्लेम तपासणाऱ्याच्या दृष्टीने अस्थिर आजार. माझ्या टेबलावरून असे कितीतरी क्लेम नामंजूर होऊन गेले. माणसं खोटं बोललेली नव्हती. गोळी बदलणं सांगण्यासारखं आहे हेच त्यांना वाटलं नव्हतं. त्या पत्रांवर सही करताना मला कधी बरं वाटलं नाही.

म्हणून बाबांचा मधुमेह, बीपी, स्टेंट, बदललेली गोळी, आईचे गुडघे, सगळं अर्जात लिहा. फोनवर सांगितलं तर ईमेलने उत्तर मागा. काही ठिकाणी पहिली अनामत भरल्यापासून १४ ते २१ दिवसांत विमा घेतला तर जुन्या आजाराची अट माफ करतात. तुम्ही अनामत परवाच भरलीय, तर हे उद्याच विचारा.

आता बाकीचं. व्हिसा लागत असेल तर शेंगेनसाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा मागतात. लोक तेवढाच काढतात. तो शेंगेन क्षेत्रापुरता असू शकतो, आणि तुमचं जहाज तुर्कस्तानला जातंय, जे शेंगेनमध्ये नाही. जहाज परत युरोपात येणार म्हणून व्हिसाही एकाहून अधिक वेळा प्रवेशाचा हवा. पॉलिसीत ‘क्रूझ’ हा शब्द आहे का ते बघा. काहींत तो वेगळा जोडून घ्यावा लागतो, आणि जहाजाने वगळलेलं बंदर किंवा आजारपणात केबिनमध्ये अडकून पडणं त्या जोडणीतच असतं. जहाज चुकण्याच्या कलमात किती तासांचा उशीर लागतो, तीन की सहा, तेही वाचा.

युरोपातून निघणाऱ्या विमानाला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि चूक विमान कंपनीची असली तर युरोपीय नियमाने अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात. जाताना तो नियम विमान कंपनी युरोपीय असेल तरच. पण त्यात बुडालेली क्रूझ धरलेली नाही. ती भरून काढायची तर विम्यातूनच.

वादळाचं किंवा संपाचं नाव बातम्यांत आल्यावर घेतलेला विमा त्या कारणासाठी चालत नाही. म्हणून विमा आज घ्या, तिकिटांच्या आधी घेतलात तरी चालेल. तारखा निघायच्या दिवसापासून घरी पोचायच्या दिवसापर्यंत हव्यात, आधीचे दोन दिवस धरून.

पायवाट (बुधवार, सकाळी ७:०५)

हिशेबवही काका, म्हणजे सासूबाईंची अनामत भरायच्या आधीच हे विचारून ठेवायचं. तारीख लिहून ठेवली.

रानजाई (बुधवार, सकाळी ८:३०)

क्रेडिट कार्डाबरोबर फुकट मिळणारा विमा चालेल का?

हिशेबवही (बुधवार, सकाळी ९:१०)

वयाची अट बघा, बहुतेकांत असते. सगळं भाडं त्याच कार्डावर भरलेलं असावं लागतं. आणि जुने आजार त्यात सहसा नसतातच. सामान हरवल्यावर उपयोगी पडेल, स्टेंटवाल्या माणसाने त्यावर अवलंबून राहू नये.

ओंजळ (शुक्रवार, रात्री ९:२०)

सगळ्यांना एकदम लिहिते. तीन दिवस यातच गेले.

हिशेबवही काका, बुधवारी सकाळी अकराला फोन केला. पहिल्या कंपनीने बदललेल्या गोळीचं ऐकल्यावर ९० दिवसांची अट सांगितली, आणि ती विमा घेतल्याच्या तारखेपासून मागे मोजतात. आम्ही गप्प राहून काढला असता तर बाबांच्या हृदयाचं काहीच त्यात आलं नसतं. दुसऱ्या कंपनीने डॉक्टरांचं पत्र मागितलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की गोळी पायांच्या सुजेमुळे बदलली, बीपी वाढलं म्हणून नाही, आणि स्टेंटची तपासणी ठीक आहे. काल संध्याकाळी ईमेल आला: मधुमेह, बीपी, स्टेंट तिन्ही धरलेत, प्रीमियम थोडा वाढवून. क्रूझची जोडणी घेतली. तुर्कस्तान नावानिशी लिहून घेतलं. शुश्रूषाताई म्हणाल्या ते खरं निघालं, त्याच कंपनीच्या स्वस्त पॉलिसीत ७५ नंतर स्थलांतराची रक्कम निम्मीच होती. ती सोडली.

विमान आपलं आपण काढलं, गलबत आणि चक्रधर दोघांचं ऐकून. एकच पीएनआर, एकच बदल, मध्ये साडेतीन तास. दोन दिवस आधी पोचतील. पहिला पूर्ण दिवस नुसता आराम. बंदरापर्यंतची गाडी आधीच सांगून ठेवली. परतीचं विमान दुपारी चारचं.

आई व्हीलचेअरला नाही म्हणत होती. अबोलीताई, तिला तुमच्या आत्याची गोष्ट वाचून दाखवली. हो म्हणाली.

शुश्रूषा (शुक्रवार, रात्री ९:४५)

फार बरं वाटलं. पाऊच?

ओंजळ (शुक्रवार, रात्री १०:१०)

आज शिवले, एक निळा, एक मरून. औषधांची यादी बाबांनी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिली, औषधांची मूळ नावं आणि वेळा. त्याखाली आईने तिच्या अक्षरात लिहिलंय: ‘डाव्या कानाने कमी ऐकतात. उजवीकडून बोला.’